डावी वहाण

काजूचा वास आला की मला मत्सर वाटतो. इतरांना काय वाटतं कोण जाणे. माझ्या नवऱ्याला त्या वासाने भूक लागते, आणि मुलाला तो सडका वाटतो म्हणून तो बसची खिडकी लावून घेतो. मी मात्र गोव्यातला कोलवाळचा पूल ओलांडून बस पेडण्याकडे, माझ्या माहेराच्या बाजूला लागली, की खिडकीला नाक लावून बसते. मार्च सरत आलेला असतो. डोंगराच्या अंगावर पिवळे-तांबडे बोंडू लोंबत असतात, खाली पडलेले उन्हात फुटलेले असतात आणि झाडीआड कुठेतरी भट्टी पेटलेली असते. गोड, आंबट, जरासा नासका, घशाला आतून खाजवणारा वास. त्या वासाबरोबर माझी आतेबहीण निशा आठवते, आणि माझ्या पोटात दुखू लागतं.

यंदा तर विचारूच नका. यंदा निशा सिनेमात आली आहे.

म्हणजे ती स्वतः नाही, तिची गोष्ट. हल्ली चार-चार भूतकथांचे सिनेमे निघतात ना, घरबसल्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर बघायचे, तसल्या एका सिनेमातली तिसरी गोष्ट. निशा हरमलला पर्यटकांना खोल्या देते. गेल्या पावसाळ्यात, खोल्या ओस पडलेल्या असताना, मुंबईची एक दिग्दर्शिका तिच्याकडे महिनाभर लिहायला म्हणून राहिली. सकाळच्या चहा आणि पोयेच्या पावाबरोबर निशाने तिला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट माझ्या बाबांची. आणि आता पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येतं, ‘कथाकल्पना : निशा, हरमल’. मी ते वाक्य थांबवून थांबवून वाचलं. दर वेळी तेच लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर या सिनेमांचा नाद मला आहे, तिला नाही. डिचोलीच्या घरी शनिवारी दुपारी कपड्यांना इस्त्री करता करता मी ते बघते. हिंदी, तमिळ, मल्याळम, मिळेल ते. चार भाज्यांच्या ताटासारखे असतात ते. पहिली गोष्ट आपल्याला दचकवण्यासाठी. दुसरी कुणाला तरी समाजाबद्दल काही सांगायचं असतं म्हणून. तिसरी बहुधा बरी निघते, आणि चौथी संपता संपत नाही. पावसात अडकलेले चार अनोळखी लोक एकमेकांना भुतांच्या गोष्टी सांगत असले, तर ते चौघेही आधीच मेलेले आहेत हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते. बंद खोलीतली बाहुली, लिफ्टमधली बाई, भाड्याच्या घराच्या भिंतीतला आवाज, सगळ्यांशी माझी चांगली ओळख आहे. माझा मुलगा उशी घट्ट धरून बसतो आणि मी कॉलरीची इस्त्री करत असते. ‘आई, तुला भीती कशी वाटत नाही गं?’ तो विचारतो. मी विज्ञान शिकवते, असं काहीतरी उत्तर देऊन मी वेळ मारून नेते.

भीती मला आयुष्यात एकदाच वाटली आहे. तीही काजूच्याच दिवसांत.

बाबा काजूचा डोंगर करायचे. मार्चअखेरीपासून मेपर्यंत आमचं घर जवळजवळ डोंगरावरच असायचं. सकाळी बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, मग कोळंबीत, म्हणजे कातळात खोदलेल्या त्या उथळ टाकीत, बाबा आणि दोघे गडी बोंडू तुडवायचे. रस भट्टीवर चढला, की मग थांबण्याशिवाय काम नसायचं. जाळ सारखा ठेवायचा आणि थेंब पडताना बघायचे. भुतांच्या गोष्टी आमच्याकडे या वेळेला सांगितल्या जात, भर दुपारी दोन वाजता, डोळ्यांवर ऊन येत असताना. रात्री बाबा जेवता जेवताच पेंगायचे. त्यामुळे भूत म्हटलं की लोकांना काळोख आठवतो, मला घाम आठवतो, आणि माडाच्या झावळ्यांचा मांडव, आणि निशा.

निशा पाळी गावची. माझी आत्या सावंतवाडीकडच्या एका ड्रायव्हरला दिली होती. ते खनिजाचा टिपर चालवत आणि पाळीला खाणीजवळ बिऱ्हाड करून राहत. एप्रिलच्या सुट्टीत निशा आमच्याकडे यायची ती केसांत लाल धूळ घेऊन. आई तिला पहिल्या दिवशी न्हाऊ घालायची तेव्हा मोरीतलं पाणी विटकरी व्हायचं, आणि आई म्हणायची, ‘बघ गो, पोराचां कसां झालां!’ त्यानंतर दोन महिने सगळं तिलाच. पहिला पिकला फणस तिला, भट्टीजवळचं सावलीतलं लाकूड बसायला तिला. मला त्या लाल पाण्याचासुद्धा हेवा वाटायचा. आमची माती तांबडीच, पण माझ्या केसांतून कधी असं नाट्यमय काही निघालं नाही.

आणि तिला भिता यायचं. ही एक विद्या आहे, हे तेव्हा मला कळत नव्हतं. बाबा दुपारी ओळीने चार गोष्टी सांगत, अगदी आजच्या सिनेमांसारख्या. पाळीच्या चढावर रिकामा टिपर भरलेल्यासारखा कण्हत चढायचा ती. तेरेखोलच्या फेरीबोटीत बसणारी बाई, जिच्या लुगड्याचा काठ पावसातही भिजत नसे ती. विहिरीत एका नावाने हाक मारली की दुसऱ्याच नावाने उत्तर यायचं ती. आणि शेवटी देवचाराची. निशा पहिल्या गोष्टीला गुडघे जवळ घ्यायची, दुसरीला बाबांच्या गंजीचं टोक धरायची, तिसरीला तोंडावर हात. बाबा तिच्याकडे बघून सांगत. तिचे डोळे मोठे झाले की विहीर खोल व्हायची, ती हसली की बाबा नवी पायरी शोधायचे. मी पलीकडे बसून विचारायची, ‘टिपर रिकामो होतो तर गियर कित्याक बदललान?’

बाबा माझ्याकडे बघून हसायचे. ‘तुका भय नाय गो बाये. तुका सांगून काय करू?’

त्यांना ते कौतुक वाटत असणार. मला वाटायचं, माझ्या तोंडावर कुणी दार ओढून घेतलं. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मी विचारणंही सोडलं. भट्टीतलं लाकूड सरकवायचं काम स्वतःकडे घेतलं, म्हणजे पाठ करून बसता यायचं.

देवचाराची गोष्ट मात्र पाठ करूनही ऐकू यायची. देवचार म्हणजे भूत नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तो गावचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, शिवेवरून फेरी घालतो आणि गावाला राखतो. आमच्या शिवेवर किंदळाचं एक जुनं झाड आहे, तिथे त्याची जागा. हंगामातला पहिला हुराक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, उतरला, की घरात कुणी थेंब चाखण्याआधी तो करवंटीत घालून किंदळाखाली ठेवायचा. बरोबर एक रोट, विडी आणि नव्या चामड्याच्या वहाणांचा जोड. आठ दिवसांनी वहाणा बघायच्या. तळवे झिजलेले असले तर तो त्या घालून फिरला. तो फिरला म्हणजे डोंगराला आग लागणार नाही आणि भट्टीवर कुणाला भाजणार नाही. बाबा हे सांगताना आवाज चढवत नसत. पंचायतीची बातमी सांगावी तसं सांगत, आणि म्हणूनच निशाच्या अंगावर काटा यायचा.

मी अकरा वर्षांची असताना वहाणा झिजेनाशा झाल्या होत्या. दोन हंगाम त्या नव्या कोऱ्या राहिल्या, आणि दुसऱ्या हंगामात खरंच अर्धा डोंगर जळला. बाबांनी गोष्टी बंद केल्या. दुपारी भट्टीजवळ नुसता जाळाचा आवाज. तिसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा जोड ठेवला, आणि सातव्या दिवशी दुपारी निशाला म्हणाले, ‘फाल्या तू जावन बघून ये गो. तू भायरची, तुका खरां दिसतला.’

निशाला! डोंगर माझा, शीव माझी, बाप माझा, आणि वहाणा बघायला पाळीची पोर.

त्याच दुपारी सगळे मांडवात आडवे झाल्यावर मी किंदळाकडे गेले. वहाणा उचलल्या आणि किंदळाच्या मुळाशी बसून जांभ्या दगडावर घासल्या. चामडं कडक होतं. हात भरून आले, बोटांची सालटी निघाली, पण मी घासत राहिले. माझा बेत सोपा होता. निशा उद्या येईल, झिजलेले तळवे बघेल, किंचाळेल, आणि संध्याकाळच्या बसने तिला पाळीला पोचवावं लागेल. मग बाबांना गोष्टी सांगायला माझ्याशिवाय कुणी उरणार नाही.

निशा दुसऱ्या दिवशी किंचाळली, माझ्या अपेक्षेपेक्षाही मोठ्याने. केस सुटलेले, एक चप्पल वाटेत पडलेली, ‘मामा! मामा! झिजल्यो!’ करत ती डोंगर उतरली. बाबा कोळंबीतून तसेच बाहेर आले, पायांवरून रस ओघळत होता. मी त्यांचा चेहरा कधी तसा बघितला नव्हता. त्यांनी निशाला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, ‘तुझ्या पायगुणान गो! तुझ्या पायगुणान फिरलो तो!’

त्या दुपारी गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, आणि त्यांत एक नवी गोष्ट आली. झिजलेल्या वहाणांची. ती बाबांची सगळ्यात चांगली गोष्ट. पुढे येईल त्याला त्यांनी ती सांगितली, आणि तीत दर वेळी निशा होती. माझ्या सोललेल्या बोटांना आईने हळद लावली आणि विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काजूचा डीक लागला.

आता भीतीचं सांगते. पुढच्या वर्षी मी ठरवलं होतं, वहाणांना हात लावायचा नाही. निशाचा पायगुण एकदा बाबांना दिसू दे. आठ दिवस मी किंदळाकडे फिरकले नाही. आठव्या दिवशी बाबांबरोबर आम्ही दोघी गेलो. बाबांनी वहाण उलटी केली. तळवा झिजलेला होता. माझ्यासारखा ओबडधोबड नाही, नीट, टाचेच्या बाहेरच्या कडेला, माणूस चालतो तसा. निशा ओरडली, बाबा हसले. मी दोन पावलं मागे सरले. मी ज्याचं सोंग घेतलं होतं, तो आला होता. त्याने मला बघितलं होतं आणि माझी चूक सुधारून दाखवली होती.

मला चार दिवस ताप आला. उन्हाचा, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत त्या किंदळासमोरून जाताना मी पायांतल्या चपला काढून हातात घेते. मुलांना शाळेत घर्षण शिकवते, भूत नसतं हे ठासून सांगते, आणि पेडण्याला आले की किंदळाजवळ चपला काढते. लग्न होऊन डिचोलीला गेल्यावर दर हंगामात बाबांचा फोन यायचा, ‘यंदाय झिजल्यो गो.’ दर वेळी मी बसल्या जागी पायांतल्या चपला काढायची. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

तर तो सिनेमा. आई गेल्यापासून मी शनिवार-रविवार बाबांकडे असते. बाबा आता ऐंशीच्या घरात. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले, डोंगर दुसऱ्या कुणाकडे. पण पहिला हुराक अजून त्यांच्याकडे येतो. मागच्या महिन्यात एका रविवारी निशा हरमलहून बांगडे आणि सिनेमा दोन्ही घेऊन आली. जेवणं झाल्यावर टीव्हीला तिने काहीतरी जोडलं आणि पहिल्या दोन गोष्टी पळवून थेट तिसरी लावली. पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव आलं. ते बाबांना वाचता येईना, म्हणून तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी बांगड्यांचे काटे गोळा करत होते.

बाबांना सिनेमा पसंत पडला नाही, याचं मला अतोनात समाधान झालं. देवचाराला सिनेमावाल्यांनी तांबडे डोळे दिले होते, आणि तो दिसला की मागे कुणी बाई कण्हल्यासारखं संगीत.

‘हो कोण?’ बाबांनी विचारलं.

‘देवचार, मामा.’

‘देवचार? मगे डोळे कित्याक असे? हुराक जास्त झालो काय तेका?’ मग वहाणा आल्या, बारीक नक्षीच्या, गोंड्याच्या. बाबा पुढे वाकले. ‘ह्या व्हाणांनी शीव भोंवतलो तो? ह्यो लग्नाक जावच्यो व्हाणो.’

मी मनापासून हसले. निशाही हसली. पण गोष्ट शेवटाकडे आली, पडद्यावरची मुलगी किंदळाच्या जागी दाखवलेल्या कुठल्याशा रबराच्या झाडाकडे चालू लागली, आणि निशाने पटकन उठून टीव्ही बंद केला. ‘संपलो, मामा.’

‘संपलो? आणि मगे?’

‘मगे काय, देवचार फिरान येता. व्हाणो झिजतत. पोर भिता.’

‘हां,’ बाबा म्हणाले. ‘तां बरां केलां.’ आणि ते आडवे झाले.

गोष्ट संपली नव्हती. कोपऱ्यात या गोष्टीची सहा मिनिटं शिल्लक दिसत होती ती मी बघितली होती. ही बाई माझ्या बापाला त्याच्याच गोष्टीचा शेवट बघू देत नाही म्हणजे काय? मी रात्रभर धुमसले. सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत, मुलं अंगणात ओरडत असताना, प्रयोगशाळेत बसून मी मोबाइलवर ती सहा मिनिटं बघितली.

फ्रॉकमधली मुलगी झाडाखाली बसते आणि वहाणा दगडावर घासते. दुसरी मुलगी झाडाआडून ते बघते. मग ‘एक वर्षानंतर’ अशी अक्षरं. पहिली मुलगी झिजलेल्या वहाणा बघून पांढरीफटक पडते. आणि शेवटचं दृश्य, दुपारचं ऊन, दुसरी मुलगी तशीच दगडाशी बसली आहे आणि हातातल्या वहाणेची टाच नीट, सावकाश घासते आहे.

घंटा झाली. सहावीचा वर्ग माझी वाट बघत होता आणि मी परीक्षानळ्यांच्या कपाटाला टेकून उभी होते. पस्तीस वर्षं मी ज्याच्यासाठी चपला हातात घेतल्या, तो देवचार पाळीचा होता. केसांत लाल धूळ असलेला. माझा बाप तिने नेला होता, गोष्ट नेली होती, आणि आता कळत होतं, की आयुष्यात एकदा जी भीती मला वाटली, माझी एकटीची म्हणून जपली, तीही तिनेच हाताने बनवून दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी हरमल गाठलं. निशा अंगणात चादरी वाळत घालत होती. फाटकाबाहेर भाड्याच्या स्कूटरवर दोन गोरी पोरं वाद घालत होती. तिने माझा चेहरा बघितला आणि चिमटे खाली ठेवले.

‘शेवट बघलंस मगे,’ ती म्हणाली.

‘तू माका बघलेलंस?’

‘बघलंय म्हणजे? किंदळाच्या मुळाशी बसान घासत होतंस. जीभ भायर काढून. लिवताना काढतंस तशी.’

‘आणि दुसऱ्या दिवशी बोंब कित्याक मारलंस?’

‘तू एवढी मेहनत केलंस,’ निशा म्हणाली. ‘कोणीतरी भियाक नको?’

मी पायरीवर बसले. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. चादरी ताणता ताणता ती सांगत गेली. पुढच्या वर्षी तिने आठ दिवस माझी वाट बघितली. मी गेले नाही. बाबा सकाळ-संध्याकाळ विचारत होते, म्हणून मग तीच गेली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत. लग्न होऊन हरमलला आल्यावर दर हंगामात. बांगडे घेऊन मामाकडे यायचं, वाटेत स्कूटर किंदळाखाली लावायची. मला वाटायचं, ही मिरवायला येते.

‘आणि तेच्याआधी? टिपरची गोष्ट, विहिरीची? तांय भिवप खोटां?’

‘अर्धां खरां,’ ती म्हणाली. ‘अर्धां मामासाठी. कोण भियाना तर मामा सांगतलो कोणाक?’

या वाक्याने मला जे टोचलं ते अजून निघालेलं नाही. इतके सिनेमे बघितले, भुतं कशी येतात याची यादी तोंडपाठ केली, पण गोष्ट सांगणाऱ्याला समोर एक भिणारं माणूस लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी बाबांना गियरचा प्रश्न विचारत होते. आणि ज्या वर्षी मी खरोखर भ्याले, त्या वर्षी ते लपवलं. तेव्हा बाबांना एवढंच सांगितलं असतं, तर पस्तीस वर्षांच्या दुपारी कदाचित माझ्या झाल्या असत्या.

‘माझां नाव कित्याक घातलंस नाय?’ शेवटी मी विचारलंच.

तिने चादरीची घडी उलगडली. ‘त्या मुंबयच्या बायन विचारलेलां, अजून कोणाचां नाव घालू काय. मी नाय म्हटलंय.’ मग चादर झटकून म्हणाली, ‘माझो बापूस सकाळीं काळोखात टिपरार चडे तो मी निजल्यार येय. तुका बापूस वर्षभर होतो, सुधा. माका मामा हंगामापुरतो. एक नाव माझां जावंदी.’

मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याहून जास्त मला राग आला, की हेवा करायचा हक्कसुद्धा तिने अर्धा मागून घेतला.

यंदाचा पहिला हुराक त्यानंतरच्या शनिवारी आला. बाबांनी पेडण्याच्या बाजारातून वहाणांचा जोड मागवून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘यंदा तू ठेव गो. आणि आठ दिवसांनी बघून ये.’ मी तो छातीशी धरला. मग ते म्हणाले, ‘निशाक सांगाती घे.’

आठ दिवसांनी सकाळी दहाच्या उन्हात आम्ही दोघी किंदळाखाली बसलो. एक मुख्याध्यापिका होऊ घातलेली शिक्षिका, एक खोल्यांची मालकीण, दोघींचे गुडघे कुरकुरणारे. करवंटी मुंग्यांनी साफ केली होती. वहाणा नव्या कोऱ्या होत्या. एक तिने घेतली, एक मी. वरून काजूचा वास येत होता. बराच वेळ नुसतं चामड्याचं खर्र खर्र.

‘टाचेक घास,’ ती म्हणाली. ‘भायल्या कडेक. त्या वर्षी तू आंगठ्याकडे घासलेलंस. मामाक कळूक नाय म्हणान वाचलंस.’

‘माका शिकवू नको.’

‘बरां, बरां.’

माझी बोटं सोलली, त्याच जागी. मला सारखं वाटत होतं, घरी जाऊन सगळं सांगून टाकावं. बाबा, पहिल्या वर्षी मी होते. गोष्ट सुरू झाली ती माझ्या हाताने. एकदा तरी मला खांद्यावर घ्या, म्हणजे आता घेता येणार नाही, पण म्हणा तरी. आणि तेवढ्यासाठी त्यांच्या शिवेवरून फिरणारा तो उंच माणूस मारून टाकायचा? मी घासत राहिले.

बाबा पडवीत खुर्चीवर वाट बघत होते. ‘झिजल्यो काय गो?’

निशाने जोड त्यांच्या मांडीवर ठेवला. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून त्यांनी अंगठ्याने तळवे चाचपले, आधी उजवा, मग डावा. मग पुन्हा डावा.

‘उजवी बरी झिजली आसा,’ ते म्हणाले. ‘डावी... डावो पाय यंदा नीट टेकूक नाय तेणा. लंगडता तो. म्हातारो झालो गो, माझ्यासारखो.’

डावी माझी होती.

निशाने ओठ दाबून धरले. बाबा बराच वेळ डावी वहाण हातात धरून बसले होते, अंगठा फिरवत. मग म्हणाले, ‘उद्यां थोडां तेल किंदळाकडे व्हरून ठेवक होया तेका. गुडघ्याक.’

‘मी व्हरतंय, मामा,’ निशा म्हणाली. ‘माझी स्कूटर आसा.’

‘नाय, सुधा जातली. तो भोंवताना वाटेर मेळलो तरी तिका भय नाय.’

तेच वाक्य. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. अजून मी माझ्या चपला हातातच घेऊन होते, किंदळापासून.

‘माका भय आसा, बाबा,’ मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. धुरकट डोळे माझा चेहरा शोधत होते. ‘खरां?’

‘खरां. पयल्यापासून.’

बाबांनी वहाणा खाली ठेवल्या, खुर्चीत सरसावून बसले आणि समोरच्या जमिनीवर हात आपटला. ‘मगे ये. हय बस, लागीं. सांगतंय तुका. एकदा काय झालां...’

मी त्यांच्या पायाशी बसले आणि गुडघे जवळ घेतले. निशा दारात उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू विरत गेलं, आणि मागे जो चेहरा उरला तो मी लगेच ओळखला. पस्तीस वर्षं तो माझा होता.